विशेष आभारातल्या त्या एका ओळीबद्दल

प्रिय ताई,

आमच्या लघुपटाच्या श्रेयनामावलीत अगदी शेवटी ‘विशेष आभार’ अशी पाटी येते आणि तिच्याखाली तुमचं नाव. ती वाचून होते न होते तोच पडदा काळा होतो. माध्यम अभ्यासाच्या वर्गासाठी करायच्या फिल्मला वेळेची मर्यादा होती पाच मिनिटांची, तीही श्रेयनामावलीसकट, त्यामुळे याहून जास्त काही लिहायला जागाच नव्हती. पण फिल्मच्या आवाजाचं काम तुम्ही आम्हाला कसं शिकवलंत, त्या एका ओळीमागे काय काय होतं, ते सगळ्यांना कळावं असं आम्हा पाचही जणांना मनापासून वाटतं. म्हणून हे पत्र तुम्हाला एकटीला न पाठवता सगळ्यांसमोर लिहितोय. लिहिते आहे मी, पण बोलणं सगळ्यांचं आहे.

ज्यांनी फिल्म पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. एक मुलगी रात्री घरात एकटी अभ्यास करत बसली आहे. जिन्यात पावलं वाजतात, तिच्या दाराशी येऊन थांबतात, आणि मग काहीच होत नाही. बेल नाही, टकटक नाही, परत जाणारी पावलंही नाहीत. दाराबाहेर कोण आहे ते आम्ही शेवटपर्यंत दाखवत नाही.

संहिता तुमच्या हातात दिली तेव्हा तुम्ही ती शांतपणे वाचलीत, पेन्सिल मागितलीत आणि प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारलीत. म्हणालात, “डावीकडे काय दिसतं ते तुम्ही लिहिलंय. आता उजवीकडे काय ऐकू येतं ते लिहा. एकही ओळ कोरी सोडायची नाही.”

आम्ही लिहायला बसलो. ‘ती वाचते आहे’ या ओळीसमोर काय लिहायचं? पान उलटल्याचा आवाज. पंखा. खालच्या मजल्यावर चालू असलेला टीव्ही. हे तीन आवाज लिहिले आणि गोष्टच हलली. खाली टीव्ही चालू आहे म्हणजे कुणीतरी जागं आहे, हाक मारली तर कुणीतरी ओ देईल. मग तो टीव्ही मध्येच बंद झाला तर? मूळ संहितेत हा प्रसंग कुठेच नव्हता. तो त्या उजव्या रकान्यात सापडला. आज कुणीही विचारलं की फिल्ममधली भीती नक्की कुठून सुरू होते, तर आम्ही तोच क्षण सांगतो. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो आणि लगेच सावरतो. ओळखीचा आवाज बंद पडला की मात्र तो कान टवकारून बसतो, आणि थरारपटाला तसाच बसलेला प्रेक्षक लागतो. हे आम्हाला कुणी व्याख्यानात सांगितलं असतं तर वहीत उतरवून विसरून गेलो असतो.

चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरा लावण्याआधी तुम्ही आम्हाला खोलीत उभं करून डोळे मिटायला सांगितलंत. तोवर जी खोली आम्हाला शांत वाटत होती तिच्यात फ्रिज घरघरत होता, ट्यूबलाइट गुणगुणत होती, घड्याळ टिकटिकत होतं. रोजचे आवाज आपला मेंदू गाळून टाकतो, माइक काहीच गाळत नाही. तुम्ही फ्रिज बंद करायला लावलात आणि घराची किल्ली फ्रिजच्या आत ठेवायला सांगितलीत. किल्ली कशाला, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. घराबाहेर पडायचं तर किल्ली हवी, किल्ली घ्यायला फ्रिज उघडायला हवा, आणि उघडला की आतला दिवा लागत नाही म्हणजे फ्रिज बंद आहे हे लक्षात येणारच. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती. दिवसभर राबल्यावर सगळ्यांच्या डोक्यात टेक असतात, दुधाची आठवण कुणाला राहणार! ज्यांनी आपलं घर आम्हाला वापरायला दिलं त्यांच्या दुधाचीसुद्धा काळजी तुम्ही केलीत, हे आम्ही विसरलेलो नाही.

माइकचा धडा तर प्रत्येक नवशिक्याने ऐकावा असा होता. एकच वाक्य तुम्ही दोनदा मुद्रित केलंत, एकदा तोंडापासून हातभर अंतरावर आणि एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, आणि हेडफोन आमच्या कानाला लावलेत. दुसऱ्या वेळी तोच आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) उतरतो, भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून हे असं होतं. चित्रीकरण आम्ही मोबाइलवर करणार होतो. तुम्ही दाखवून दिलंत की समोर शांतता झाली की बहुतेक मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वाढवतात आणि त्यामुळे सूंऽऽ असा आवाज उचलला जातो. म्हणजे आम्हाला जी शांतता हवी होती, नेमकी तीच भरून निघाली असती. मग तुमचाच रेकॉर्डर वेगळा लावला, ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेत), आणि प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. एडिटला बसल्यावर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की पुढचं सगळं जुळतं. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रं, धरली तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दोन-तीन फ्रेम जरी आवाज आधी आला तरी खटकतो. थोडा उशिरा आला तर कान सांभाळून घेतो, कारण निसर्गात आवाज प्रकाशाच्या मागूनच येतो.

आणि शेवटी रिकाम्या खोलीचा एक मिनिट. कुणी हलायचं नाही, कुणी श्वास मोठ्याने घ्यायचा नाही, फक्त खोली मुद्रित करायची. या ‘रूम टोन’शिवाय दोन वाक्यांमधल्या जागा भरता येत नाहीत, प्रत्येक काप ऐकू येतो. एडिट करताना तो एक मिनिट मी इतका वापरला की त्या खोलीचा आवाज मला आता पाठ आहे.

पण खरे आभार पावलांचे.

पडद्यावरचं चित्र बघत बघत त्याला पावलांचे, कपड्यांचे, वस्तूंचे आवाज नव्याने देण्याची कला आता फॉली म्हणून ओळखली जाते. जॅक फॉली (१८९१–१९६७) यांनी युनिव्हर्सल स्टुडिओत बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात ती रूढ केली. तुम्ही आम्हाला हे सांगितलंत आणि लगेच कामाचा प्रश्न टाकलात, “हा जिना चढणारा माणूस कोण?” आम्ही म्हणालो, तो दिसतच नाही. तुम्ही म्हणालात, “म्हणून तर विचारतेय. त्याच्याकडे फक्त पाय आहेत. वय काय त्याचं? घाईत आहे का? हा जिना त्याच्या सवयीचा आहे का?”

त्या प्रश्नांवर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. ठरलं ते असं: माणूस चाळिशीचा, जड बूट, घाई अजिबात नाही, आणि या इमारतीत पहिल्यांदाच आलेला. पहिल्यांदा आलाय म्हणजे प्रत्येक मजल्यावर थांबून तो दारावरची नावं वाचणार. वाचून पुन्हा चढणार. हे सुचलं तेव्हा आमच्यातल्या एकीच्या हातावर शहारा आला, तिने हात पुढे करून तो सगळ्यांना दाखवला. पावलं थांबतात, आपण सुटकेचा श्वास सोडतो, आणि पावलं पुन्हा सुरू होतात. माणूस कुणाचं तरी दार शोधतोय हे एकही शब्द न बोलता प्रेक्षकाला कळतं.

मग ते आवाज मिळवायचे होते. रबरी तळाचे बूट फरशीवर नुसतेच दबकत होते. चामडी तळ लावून पाहिला, तो बरा वाजला, पण अजून काहीतरी कमी होतं. तुम्ही जिन्याच्या कोपऱ्यातून चिमूटभर वाळू उचललीत आणि पायरीवर टाकलीत. पाऊल थांबताना बुटाखाली वाळूचे चार कण रगडले गेले, करर्र, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. तो आवाज फिल्ममध्ये दाराबाहेर माणूस उभा राहतो तेव्हा आहे. नीट ऐकलंत तर तो उभ्या उभ्या आपला भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतो तेही कळतं.

अंतर दाखवण्यासाठी संगणकावर काही करायची गरजच पडली नाही. माइक बंद दाराच्या आत ठेवला आणि पावलं खरोखरच्या जिन्यात चालवली. दार वरचे, टोकदार आवाज अडवतं आणि खालचे, घुमणारे आवाज त्या मानाने आत येऊ देतं, म्हणून लांबची पावलं नुसती धप्प धप्प ऐकू येतात. शेवटच्या काही पायऱ्यांसाठी माइक दाराखालच्या फटीपाशी नेला. तिथे वाळू ऐकू येते.

तुम्ही तेव्हा दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्या १९३१ च्या ‘एम’ या जर्मन चित्रपटाचा दाखला दिला होतात. लांग यांचा तो पहिला बोलपट. त्यात खुन्याची शीळ त्याच्या आधी पोचते, आणि एक आंधळा फुगेवाला त्याला त्या शिळेवरूनच ओळखतो. आवाज चित्रपटात नुकताच आला होता तेव्हा एका दिग्दर्शकाने तो माणसाची ओळख पटवण्यासाठी वापरला. आमचा वाळू रगडणारा बूट त्या शिळेपुढे फार लहान आहे, पण आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे त्या दिवशी कळलं आणि खूप बळ आलं.

आमच्या अभिनेत्रीने मला बजावून सांगितलंय की तिचे आभार वेगळे लिही. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असताना तुम्ही आमच्यातल्या एकाला खरोखर जिना चढायला लावलंत, आणि तो कुठे थांबणार ते तिला सांगू दिलं नाहीत. तिचे डोळे दाराकडे वळतात, परत पुस्तकाकडे येतात आणि अक्षरांवर टिकत नाहीत, तो शॉट असा मिळाला. ती म्हणते, मला भीतीचा अभिनय करावाच लागला नाही, मला फक्त ऐकायचं होतं.

पुढे एडिटमध्ये याच शॉटने आम्हाला आणखी काहीतरी शिकवलं. शंभर वर्षांपूर्वी रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांनी एका नटाचा तोच चेहरा वेगवेगळ्या चित्रांशेजारी लावून दाखवला, आणि बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. हे वर्गात शिकलो होतो. तुम्ही तोच प्रयोग आवाजावर करायला लावलात. आमच्या मुलीचा तोच शॉट पंख्याच्या आवाजावर ठेवला तर ती कंटाळलेली दिसते. खालच्या टीव्हीवर ठेवला तर चिडलेली. पावलं थांबल्यानंतरच्या शांततेवर ठेवला तर बघवत नाही. चेहऱ्यातली एक फ्रेमही बदललेली नसते.

पार्श्वसंगीतावरून आमच्यात चांगलंच वाजलं होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. दोघांना शेवटी व्हायोलिनचे चढत जाणारे सूर हवे होते, तिघांना काहीही नको होतं. तुम्ही कौल दिला नाहीत. दोन्ही आवृत्त्या तयार करा आणि ज्याने फिल्म पाहिलेली नाही अशा माणसाला दाखवा, म्हणालात, आणि दाखवताना पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघा. संगीत असलेल्या आवृत्तीत तो आरामात मागे टेकला, कारण आता काहीतरी होणार हे सुरांनीच त्याला सांगून टाकलं होतं. संगीत नसलेल्या आवृत्तीत तो पुढे झुकला. वाद तिथेच मिटला. ज्या दोघांना संगीत हवं होतं त्यांनीच तो ट्रॅक काढून टाकला.

या सगळ्यात तुम्ही आमच्या माउसला एकदाही हात लावला नाहीत. फिल्मचा आवाज तुम्ही मिनिटभरात साफ केला असता हे आम्हाला दिसत होतं. आमची बोटं चुकीच्या जागी फिरत असताना गप्प बसून राहणं किती अवघड असतं ते आता लहान भावाला एडिट शिकवताना मला कळतंय. स्वतःचं दिवसभराचं काम संपवून तुम्ही आमच्याकडे यायचात, थकलेल्या असायचात, आणि तरी “पुन्हा ऐका, काय ऐकू येतंय?” एवढंच विचारायचात. फिल्म आमचीच राहिली, ती तुम्ही राहू दिलीत म्हणून.

वर्गासाठी फिल्मसोबत आम्हाला आपापल्या कामाचा आढावाही लिहून द्यायचा होता: प्रेक्षक कोण धरला, थरारपटाचे कुठले संकेत पाळले, कुठले मोडले, काय शिकलो. पाच जणांनी पाच ठिकाणी बसून लिहिलेल्या पाचही आढाव्यांत त्या पेन्सिलच्या उभ्या रेघेचा उल्लेख आहे. आम्ही आपसांत काही ठरवलं नव्हतं.

वर्गात फिल्म दाखवली तेव्हा तुम्ही कामावर होतात, म्हणून सांगते. टीव्ही बंद झाला तेव्हा कुजबुज थांबली. शेवटची पावलं आली आणि मागच्या बाकांवरच्या दोघींनी वळून वर्गाच्या दाराकडे पाहिलं. आमच्या कॅमेरावाल्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखत होता. फिल्म संपल्यावर पहिला प्रश्न आला, “बाहेर कोण होतं?” दुसरा प्रश्न आला, “तो बुटाचा आवाज कसा केलात?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्ही भरभरून दिलं आणि त्यात तुमचं नाव घेतलं.

आता दोन कामाच्या गोष्टी. मुद्रित केलेले सगळे आवाज, पावलं, दार, कडी, जिना आणि रिकाम्या खोलीचा तो एक मिनिट, नावं घालून नीट लावून ठेवलेत. पुढच्या तुकडीला ते वापरता येतील, पण ते तुमच्या रेकॉर्डरवर तुमच्या मदतीने मुद्रित झालेत, त्यामुळे तुमची परवानगी हवी. आणि त्या तुकडीतली मुलं तुमचा नंबर मागतायत. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही तो कुणालाही दिलेला नाही. सवडीने कळवा, आणि जमेल तेव्हा फिल्म बघायला या. हेडफोन आम्ही आणतो.

तुमचे,
आम्ही पाच जण