ईडीपीवाल्या काकांना, मार्केट यार्डातून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पट्ट्या निघतायत ना?" असं विचारून विषय मिटवता. म्हणून आता लिहूनच टाकते, आणि लिहायचंच तर उघड लिहिते. आपल्या वसंतदादा मार्केट यार्डात एक्सेलवर हिशोब ठेवणारी दुकानं पुष्कळ आहेत. एकच फाइल नव्या-जुन्या ऑफिसात फिरवल्यावर आम्हाला दिसला तो एररचा मेसेज उद्या त्यांतल्या कुणाला तरी दिसणारच आहे. त्या वेळी त्यांना तुमचा नंबर शोधावा लागू नये, हाही एक हेतू. दुपारची तुमची झोप त्यामुळं वाचेल.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. सांगलीची हळद म्हटलं की लोक राजापुरीचा रंग काढतात, 2018 साली मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, काढतात. त्या हळदीमागं निघणारी पट्टी मात्र यार्डाबाहेर कुणाला माहीत नसते. सौदा झाला, वजन झालं, की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडली पाहिजे. नाव, गाव, पोती, वजन, क्विंटलचा दर, हमाली, तोलाई आणि खाली निव्वळ रक्कम. आमच्याकडं हे सगळं एका एक्सेलच्या फाइलीत आहे. बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, वर्डमध्ये पट्टी भरते, तिची पीडीएफ करते आणि खरेदीदाराचं बिल आउटलुकवरून त्याला मेल करते. मॅक्रो आधीच्या दिवाणजींच्या भाच्यानं लिहून दिलेली. तो पुण्याला नोकरीला गेला, फाइल आमच्याकडं राहिली.

ऐन हंगामात मालकांनी माडीवर नवा कॉम्प्युटर आणला. त्यात ऑफिस 2021. खाली काट्याशेजारी जुनाच, ऑफिस 2010 वाला. फाइल दोघांत एकच. वर एकदा उघडली, सेव्ह झाली, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं तर इंग्रजीत फटकन मेसेज: "कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी." बाहेर शेतकरी उभे, हमालांची टोळी पुढच्या दुकानाला निघालेली, आणि पट्टी निघेना. ज्यांच्याकडून कॉम्प्युटर घेतला त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "फॉरमॅट मारून ऑफिस परत टाकू, उद्या माणूस पाठवतो." आपल्याकडं फॉरमॅट हे सगळ्या रोगांवरचं औषध आहे, हे मला नवीन नाही. पण हंगामातला दिवस त्याच्यात घालवायचा म्हणजे फार झालं.

तेव्हा तुम्हाला फोन लावला. तुम्ही साखर कारखान्याच्या ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर उसाची पंधरवडा बिलं काढलेली, एवढंच माझ्या कानावर होतं. एक्सेलचं तुम्हाला किती ठाऊक, याची खात्री नव्हती. तुमचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. "निळं कशावर झालंय?" म्हणजे मेसेजनंतर उघडलेल्या कोडात कुठला शब्द निळा झालाय.

"लेफ्टवर," मी म्हटलं. गावाच्या नावाची पहिली काही अक्षरं काढायची ओळ होती ती.

"लेफ्टनं काय घोडं मारलंय? त्याला सोड. वर टूल्समध्ये रेफरन्सेस उघड."

मॅक्रोला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची, म्हणजे वर्ड, आउटलुक वगैरेंच्या तयार कोडाच्या संचांची, यादी तिथं असते. पण ते तर फिकट झालेलं, दाबलं जाईना. इथं दुसरा कुणी असता तर "मग काहीतरी वेगळंच झालंय" म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही म्हणालात, मॅक्रो अर्ध्यात अडकून थांबलीय, वरचा निळा चौकोन दाबून ती आधी रीसेट कर. दाबला, आणि यादी उघडली. टिक केलेल्या ओळी सगळ्या वरच असतात. व्हिज्युअल बेसिकची ठीक, एक्सेलची ठीक, आणि त्यांच्याखाली मोठ्या अक्षरांत "मिसिंग", पुढं मायक्रोसॉफ्ट वर्ड 16.0 ऑब्जेक्ट लायब्ररी. त्याच्याखाली आउटलुकचंही तसंच.

"16 म्हणजे वरच्या कॉम्प्युटरचं. तुझ्या खालच्याचं 14 आहे," तुम्ही म्हणालात. पुढं जे समजावलंत ते मी लगेच वहीत उतरवून घेतलं होतं, तेच इथं माझ्या शब्दांत देते. फाइल नव्या ऑफिसात उघडली की वर्ड-आउटलुकचे रेफरन्स आपोआप नव्या आवृत्तीवर चढतात. तीच फाइल जुन्यावर आणली तर ते खाली उतरत नाहीत. एक्सेल स्वतःचं स्वतः जुळवून घेतं, म्हणून त्याच्यावर मिसिंग लागलं नाही. ऑफिस 2010 म्हणजे 14, 2013 म्हणजे 15, आणि 2016 पासून 2019, 2021 सगळे 16. म्हणून 2016 वरून 2021 वर फाइल हलवली तर काही बिघडत नाही, आणि आमच्यासारखा 2010 कोपऱ्यात बसलेला असला की बिघडतं.

आणि लेफ्टचं काय? कोडात नुसतं "लेफ्ट" लिहिलेलं असलं की ते कुठल्या लायब्ररीतलं, हे एक्सेल यादीतल्या लायब्ऱ्यांमध्ये शोधत जातं. यादीत एक जरी तुटकी असली तरी त्या शोधात घोळ होतो आणि आळ बिचाऱ्या लेफ्टवर, नाहीतर डेट, फॉरमॅट, ट्रिम यांच्यावर येतो. मेसेज जिथं थांबतो त्या ओळीत दोष नसतोच. त्या ओळीवर कितीही डोकं फोडलं तरी हाती काही लागणार नाही, हे तुम्ही पहिल्या मिनिटात सांगितलंत. मॅक्रोच्या भाषेचं, व्हीबीएचं, नाव पुढं जोडून "व्हीबीए डॉट लेफ्ट" असं पूर्ण लिहिलं तर ती ओळ चालून जाते, पण मग दुसरी अडते. तो उपाय तुम्ही ऐकूनही घेतला नाहीत.

मला आभार मानायचेत ते मुख्यतः याच्या पुढच्या भागाचे. मिसिंगवरची टिक काढून खालचं 14 वालं निवडलं असतं तर पट्ट्या त्याच दुपारी सुरू झाल्या असत्या, आणि वर माडीवर फाइल पुन्हा उघडली की दुसऱ्या दिवशी हाच तमाशा. तुम्ही टिक काढायच्या आधी विचारलंत, "ही फाइल कुठकुठल्या कॉम्प्युटरवर चालायची आहे?" काटा, माडी, आणि मार्च अखेरीला सीएंच्या ऑफिसात. तिघांचं ऑफिस वेगळं. "मग रेफरन्सवर अवलंबून राहायचंच नाही," तुम्ही म्हणालात.

आपल्या यार्डाच्या भाषेत सांगायचं तर आतापर्यंत आमची मॅक्रो एकाच हमालाचं नाव घेऊन अडून बसायची, तो आला नाही की पोतं जागचं हलायचं नाही. तुम्ही तिला टोळीला हाक मारायला शिकवलंत. जो हजर असेल तो उचलेल. कोडात हा बदल दोनच जागी होता. आधी जिथं "डिम ओएल अ‍ॅज आउटलुक डॉट अ‍ॅप्लिकेशन" होतं तिथं "अ‍ॅज ऑब्जेक्ट" झालं, आणि जिथं "न्यू" होतं तिथं क्रिएटऑब्जेक्ट आणि कंसात अवतरणात "आउटलुक डॉट अ‍ॅप्लिकेशन". वर्डचंही तसंच. आवृत्तीचा आकडा कुठंच नाही. मॅक्रो चालते त्या क्षणी विंडोजला विचारलं जातं की तुझ्याकडं कुठलं आउटलुक आहे, आणि जे असेल ते मिळतं. आउटलुकच नसेल तर 429 नंबरची एरर येते, पण ती निदान त्या ओळीवरच येते आणि खरं बोलते.

यात एक खड्डा आहे, आणि तो तुम्ही आधीच दाखवलात. शेजारच्या एका गाळ्यात असाच बदल कुणीतरी करून दिला होता. पट्ट्या निघत होत्या, मेलही जात होते, आणि खरेदीदार सारखे फोन करत होते की पीडीएफ उघडत नाही. कारण असं की वर्डला पीडीएफ करायला सांगताना कोडात "डब्ल्यूडी फॉरमॅट पीडीएफ" असं नाव लिहिलेलं असतं. त्या नावाचा अर्थ वर्डच्या लायब्ररीत असतो: 17. लायब्ररीची टिक काढली की ते नाव पोरकं होतं. कोडाच्या माथ्यावर "ऑप्शन एक्स्प्लिसिट" (अनोळखी नाव दिसलं की अडवणारी ओळ) नसेल तर एक्सेल कुरकुर न करता त्याला रिकामं, म्हणजे शून्य धरतं. आणि वर्डच्या हिशोबात शून्य म्हणजे जुनी डॉक फाइल. नाव पीडीएफचं, पोटात डॉक. उघडणार कशी?

म्हणून तुम्ही मला माडीवर पाठवलंत, तिथं रेफरन्स शाबूत होते. कंट्रोल-जी दाबून खालची इमिजिएट खिडकी उघडायला लावलीत, आणि प्रश्नचिन्ह देऊन एकेक नाव विचारायला सांगितलंत. पीडीएफ: 17. आउटलुकचा मेल आयटम: 0. तो नशिबानं शून्यच असल्यामुळं शेजाऱ्यांचे मेल जात राहिले होते आणि कुणाला संशय आला नव्हता. जी जी नावं वर्ड-आउटलुकची होती त्यांचे आकडे काढले, कोडाच्या वर "कॉन्स्ट", म्हणजे न बदलणारे आकडे, म्हणून लिहून टाकले, ऑप्शन एक्स्प्लिसिट घातलं, आणि मग कुठं टिका काढल्या. डीबग मेनूतून कंपाइल केलं, म्हणजे सगळा कोड तपासून घेतला, तर अजून एक राहिलेलं नाव सापडलं. शेजाऱ्यांच्याही फाइलीत हाच 17 घातला, त्यांचे फोन थांबले. त्यांनी चहा मला पाजला. तुमच्या वाटणीचा बाकी आहे.

तारखेच्या कॅलेंडरचं थोडक्यात लिहिते. फॉर्मवर तारीख निवडायचं जे छोटं कॅलेंडर होतं ते माडीवर दिसेना. इंटरनेटवर "फाइल सिस्टिममध्ये टाका आणि रजिस्टर करा" असे उपाय ढिगानं आहेत. तुम्ही म्हणालात, ते 32 बिटचं आहे, वरचं ऑफिस 64 बिटचं. कितीही रजिस्टर केलं तरी त्यात बसणार नाही. काढून साधे तीन रकाने केले: दिवस, महिना, साल. टायपायलाही तेच पटापट होतं.

आणखी एक गोष्ट मला आवडली. मी जोशात येऊन यादीतल्या सगळ्याच टिका काढायला निघाले होते, तर तुम्ही थांबवलंत. स्क्रिप्टिंग रनटाइम राहू दे म्हणालात, कारण ते ऑफिसबरोबर नाही, विंडोजबरोबर येतं आणि आमच्या सगळ्या मशीनवर तेच आहे. तसंच, नवीन कोड लिहिताना रेफरन्स लावूनच लिही, टिंब दिलं की पुढची यादी समोर येते, चुका कमी होतात. पूर्ण झालं की रेफरन्स काढून कोड सुटा कर आणि मग खाली दे. म्हणजे रेफरन्स वाईट असं तुम्ही कुठंच म्हणाला नाहीत. ज्या मशीनवर लिहायचं तिथं तो सोयीचा, ज्या मशीनवर चालवायचं तिथं तो नको. हा फरक मला कुणी इतका सरळ सांगितला नव्हता. माडीवरच्या आउटलुकमध्ये कोपऱ्यात "न्यू आउटलुक" असं बटण येतं, ते दाबू नका, नव्या आउटलुकला बाहेरून मॅक्रोनं चालवता येत नाही, हीसुद्धा तुमचीच ताकीद. मी त्या स्क्रीनच्या कडेला चिकटपट्टीनं कागद लावून ठेवलाय. मालक विचारतात हे काय, मी म्हणते काकांचा हुकूम.

या सगळ्यात तुम्ही एकदाही "थांब, मी येऊन करून देतो" म्हणाला नाहीत. तेव्हा जरा रागच आला होता, खरं सांगते. विश्रामबागेतून यार्ड काही लांब नाही. पण तुम्ही आला असता तर मला यादी कुठली आणि आकडे कुठले, काही कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी परत फोन. आता सीएंच्या ऑफिसातल्या पोरानं मार्चात "मॅडम, तुमची फाइल आमच्याकडं पहिल्यांदाच नीट उघडली" म्हटलं, तेव्हा त्याला कारण मीच समजावलं. त्यानं लिहून घेतलं.

कोडात मराठी टाकता येत नाही, "हमाली" लिहिलं की प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून पट्टीवरचे मराठी शब्द शीटच्या रकान्यातून उचलायचे, हेही त्याच फोनवर सांगितलंत. त्यामुळं पट्टी आता नीट मराठीत निघते. आधी "एच" आणि "टी" अशी अक्षरं असायची आणि शेतकरी विचारायचे, हे कसलं कापलंय. आता विचारत नाहीत; वाचतात आणि मग हमाली जास्त का लावली म्हणून भांडतात. ते भांडण आम्हाला परवडतं.

आता एक काम उरलंय. बेदाण्याच्या हिशोबाची दुसरी फाइल तासगावच्या गाळ्यात चालते, तिच्यातही तेच कॅलेंडर आहे आणि भाच्यानं विंडोजला थेट हाक मारणाऱ्या दोन डिक्लेअर ओळी घातल्यात. त्यांना 64 बिटसाठी पीटीआरसेफ लावावं लागतं एवढं मला कळलंय, पण आकड्यांचे प्रकार कुठले लाँगचे लाँगपीटीआर करायचे ते तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. झोप झाल्यावर, चारनंतर फोन करते. काकूंना नमस्कार सांगा. हळद दळून तयार आहे, माणसाबरोबर पाठवते. तिचे पैसे विचारू नका.

आपली,
काट्याशेजारच्या टेबलावरची हिशोबवाली
मार्केट यार्ड, सांगली