मुक्ताच्या डोळ्यांचा रंग

सांगली,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय शैल,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुझी दोन पत्रे आली आणि मी एकालाही उत्तर धाडले नाही, म्हणून आधी कान पकडते. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू डिसेंबरात काढला, डावा उन्हाळ्यात काढायचा आहे, रक्तदाब आहे तिथेच आहे. प्रकृतीचा विषय इथे संपला. आज मात्र दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले आहे, कारण काल जे झाले ते ज्याला सांगावे असे माणूस तुझ्याशिवाय उरलेले नाही.

काल मुक्ता आली होती. लग्न ठरल्याचे अण्णांनी तुला कळवलेच आहे. चहा होईपर्यंत गप्प बसली आणि मग पर्समधून एक जुने पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले. आत आपल्या १९८७ च्या नाटकाच्या वेळचा, भाव्यांच्या नाट्यगृहातल्या रंगपटात काढलेला फोटो होता: विजू डोळे मिटून खुर्चीत बसलेली आणि डाव्या कोपऱ्यातून आत आलेला, ब्रश धरलेला माझा हात. मुक्ता म्हणाली, "मावशी, लग्नात माझे डोळे तूच रंगवायचेस, आणि आईला लावला होतास तोच जांभळा लावायचास."

शैल, जांभळा!

तू आता हसत सुटली असशील. ज्या रंगावरून आपण दोघी सहा महिने एकमेकींशी बोललो नाही, ज्याच्यापायी विजू आपल्या दोघींचे निरोप पोहोचवून थकली, तो रंग निळा होता हे सांगू शकणारी माणसे आता या जगात दोनच आहेत, आणि त्यांपैकी एक तू आहेस. मोरचुदासारखा लखलखीत निळा. मुंबईहून मागवलेली ती तेलकट रंगाची पत्र्याची डबी मला अजून दिसते. आपल्या रंगभूषाकार तात्यांना तो आवडला नव्हता. सफेदा, पिवडी आणि हिंगूळ यांवर ज्यांचा जन्म गेला, त्यांना डोळ्यांवर काजळापलीकडे काही लावणे म्हणजे सर्कस वाटे. पण ज्या हिंगुळात पारा असतो तो रंग माणसांच्या गालांना निर्धास्तपणे फासणाऱ्या तात्यांचे त्या बाबतीत मी ऐकायला तयार नव्हते.

फोटोत निळ्याचा जांभळा कसा झाला, ते मी रात्री भिंग घेऊन पाहिले. रंगीत फोटोच्या कागदात तीन रंगांचे थर असतात, निळसर, किरमिजी आणि पिवळा. आणि त्या काळच्या कागदांतला निळसर थर अंधारात बंद करून ठेवला तरी बाकीच्यांच्या आधी विरत जातो. विजूच्या लोखंडी ट्रंकेत सदतीस वर्षे पडलेल्या त्या फोटोतून निळा असा हळूहळू निघून गेला आहे. खात्री करायची तर विजूची साडी पाहावी. ती पांढरी होती, तुझ्याच आईची होती, आणि आज फोटोत ती फिकट गुलाबी दिसते. माझा हात तर चुलीपुढे बसल्यासारखा तांबडा झाला आहे.

मुक्ताला हे ठाऊक नाही. विजू गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि तेव्हापासून ती हाच फोटो पाहत आली आहे. तिची जांभळी स्कूटर, जांभळी छत्री, परीक्षेला जाताना घालायची ती जांभळी ओढणी, या सगळ्यांना आपण पोरीची आवड समजत होतो. ती आवड या फोटोतून आली होती. आता मी तिला सांगू काय, की बाई, तुझ्या आईने जांभळा कधी लावलाच नाही, आणि जो लावला तो प्रेक्षकांना दिसलाही नाही?

कारण दिसला नाही हे खरेच आहे, आणि इथे मला तुझ्यापुढे थोडी मान खाली घालायची आहे, पूर्ण नाही. इतकी वर्षे मी म्हणत आले की दुसऱ्या अंकात तू स्पॉटला अंबर जिलेटीन, तो पिवळसर पारदर्शक कागद, लावून माझ्या निळ्याचा खून केलास. आणि तू म्हणत आलीस की संध्याकाळचा प्रवेश अंबरमध्येच होतो, तुझा रंगच चुकला. काल रात्री मी मनगटावर निळ्या आयशॅडोचा पट्टा ओढला, देवघरातल्या पिवळ्या दिव्याखाली धरला, आणि तो शेणाने सारवल्यासारखा दिसला. निळ्या रंगाला परतवायला निळा उजेड लागतो आणि अंबर जिलेटीन नेमका तोच अडवते, हे तू मला तेव्हा समजावले होतेस, मी ऐकले नव्हते. पण रंगपटात तेव्हा पांढरी ट्यूब होती, मी रंग त्या उजेडात निवडला होता, आणि रंगीत तालमीला तुझे जिलेटीन आलेलेच नव्हते. तेव्हा निम्मी चूक माझी. उरलेली निम्मी मी सोडणार नाही. "नायिकेच्या डोळ्यांना मार लागला आहे काय?" हा परीक्षकांचा शेरा आपण दोघींनी वाटून घेऊ.

असो. मुद्दा मुक्ताच्या डोळ्यांचा आहे.

पोर आईसारखीच सावळी आहे आणि पापण्याही तशाच जड आहेत. डोळे उघडले की वरची घडी खाली येते आणि पापणीवर लावलेले सगळे गिळून टाकते. काल तिला खिडकीशी बसवून मी करून पाहिले. तिने आणलेल्या पॅलेटमधला जांभळा हा जांभळा नव्हताच, लव्हेंडर होता, ज्यात निम्म्याहून अधिक पांढरा असतो. सावळ्या पापणीवर तो लावताच राख फासल्यासारखा दिसू लागला. मुक्ताचा चेहरा उतरला. तिला वाटले तिच्याच कातडीत काही खोट आहे. मला तात्यांच्या काळातल्या त्या बायका आठवल्या, ज्या विजूला म्हणत की आधी दोन हात सफेदा लाव, मग रंग उठतील. मी सगळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. पापणीवर तिच्याच रंगाचा कन्सीलर, इतका पातळ की बोटाला जेमतेम लागावा. मग डोळे उघडे ठेवून समोर बघायला सांगितले आणि विटकरी मॅट रंग घडीच्या वर, जिथे हाडाची कड बोटाला लागते तिथे, मोठ्या मऊ ब्रशने फिरवला. डोळे मिटवून हा रंग लावला तर तो घडीत जाऊन बसतो आणि डोळे उघडल्यावर सगळी मेहनत वाया जाते; आपण विजूच्या वेळी तेच केले होते. बाहेरच्या कोपऱ्यात वांगी रंग, दर वेळी ब्रश मनगटावर झटकून, एकदम न लावता चार वेळा थोडा थोडा. मध्यभागी आमसुली. वांगी आणि आमसुली यांच्यात लाल आणि काळा पुरेसा असतो, म्हणून ते सावळ्या रंगावर राखुंडे होत नाहीत, उलट पापणीतून उगवल्यासारखे दिसतात.

तिने आरसा घेतला. खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आईसारखे झाले." मी फोटो पुन्हा पाहिला आणि शैल, खरेच तसेच झाले होते. म्हणजे फोटोतल्यासारखे.

आता माझा खरा घोळ ऐक. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात नवे भिंग बसवल्यापासून माझे दोन डोळे दोन जगे दाखवतात. डाव्या डोळ्याने पाहिले तर स्वयंपाकघराची भिंत चहात बुडवून काढल्यासारखी दिसते. उजव्याने पाहिले तर ती पांढरी असते आणि आकाश एवढे निळे असते की पहिल्या दिवशी मी गच्चीत उभी राहून रडले. पिकलेले भिंग पिवळे पडते आणि निळा उजेड अडवते, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे काही वर्षे माझ्या डोळ्यातच तुझे अंबर जिलेटीन बसलेले होते. काल मुक्ताचे डोळे मी उजव्याने पाहिले तर जांभळे, डाव्याने पाहिले तर चॉकलेटी. मग मी कोणत्या डोळ्यावर भरवसा ठेवून लग्नाच्या दिवशी ब्रश धरायचा? याआधीची शेवटची नवरी मी पाच वर्षांपूर्वी सजवली, ती निशाची धाकटी, आणि तिचे फोटो परवा काढून पाहिले तर डोळ्यांवर निळसर छटा इतकी गडद आहे की मला लाज वाटली. मला तेव्हा ती कमी दिसत होती म्हणून मी थरावर थर देत गेले, आणि निशा भली, एक शब्द बोलली नाही.

त्यातून मुहूर्त गोरज आहे, संध्याकाळी ६ वाजून ३८ मिनिटांचा. मंगल कार्यालयाचे अंगण पश्चिमेकडे उघडे आहे, म्हणजे मी सजवायला बसेन तेव्हा ऊन असेल, मंगलाष्टके सुरू होतील तेव्हा उजेड सरत आलेला असेल, आणि कन्यादानापर्यंत पिवळ्या दिव्यांच्या माळा आणि व्हिडिओवाल्याचा पांढरा फटफटीत दिवा एकाच वेळी चेहऱ्यावर असतील. एका पापणीने तीन उजेड झेलायचे आहेत. त्यात लाजाहोमाचा धूर आणि रडणे, म्हणून क्रीमचा आधार आणि वर पावडर हे ठरलेलेच आहे. नेसणार आहे पिवळी अष्टपुत्री, आणि ते एक बरे आहे, कारण पिवळ्याशेजारी जांभळा जितका उठतो तितका दुसरा कोणताच रंग उठत नाही. निळा ठेवला असता तर पिवळ्या साडीशेजारी तोही चालला असता, पण दिवे लागले की मेला असता. या एका बाबतीत विरलेल्या फोटोने माझ्यापेक्षा बरी निवड केली आहे असे म्हणावे लागते.

आणि अंतरपाट! हे माझ्या काल रात्री लक्षात आले. रंगमंचावर नटी डोळे उघडे ठेवते, पण अंतरपाटामागे उभी असलेली नवरी मान खाली घालून असते. मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या मिटल्यासारख्या पापण्याच लोकांना दिसतात, आणि मुंडावळ्यांमुळे बाकी चेहरा अर्धा झाकलेला असतो. म्हणजे जी घडी रंग गिळते ती तेवढा वेळ पूर्ण उघडी असणार, नेमकी त्या फोटोतल्यासारखी. म्हणून पापणीच्या मध्यावर काय लावायचे यावर माझे घोडे अडले आहे.

एक गोष्ट सुचली आहे, ती तुला वेडेपणा वाटेल. आपल्या चिंतामणी रंगाच्या साड्या आठवतात? विजूच्या डोहाळजेवणाची ती साडी, जी सरळ पाहिली तर जांभळी आणि पदर हलला की निळी. तशा धूपछाव आयशॅडो आता मिळतात. त्यात अभ्रकाच्या बारीक कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर दिलेला असतो आणि त्या थराच्या जाडीवर कोणता रंग परतेल ते ठरते, जसे पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग उमटतात. गडद वांगी रंगावर अशी निळी चमक ओल्या बोटाने फक्त टेकवली, घासली नाही, तर समोरून जांभळा दिसेल आणि तिने मान कलवली की क्षणभर निळा. मी एक छोटी डबी मागवली आणि आज सकाळी माझ्याच पापणीवर लावून पाहिली. एकोणसाठ वर्षांच्या पापणीवर चमक सुरकुत्यांत शिरून बसली आणि मी दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी दिसू लागले, पण उन्हात तो निळा आला. आलाच, शैल. खिडकीतून मागे सरले तर गेला.

मुक्ताला न सांगता तिच्या डोळ्यांवर तो निळा ठेवणे म्हणजे लबाडी होईल काय? की सांगून टाकावे आणि तिची जांभळी छत्री, स्कूटर सगळे एका वाक्यात हिरावून घ्यावे? विजू असती तर म्हणाली असती, "तुम्ही दोघी रंग ठरवेपर्यंत तिसरी घंटा होईल." मला अजून काही ठरवता आलेले नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस. नातवाचे बोलणे सुरू झाले असेल, त्याला मराठी शिकव, कॅनडात गेला म्हणून काय झाले. सुनेने पाठवलेला स्वेटर मला घट्ट होतो हे तिला सांगू नकोस. तुझ्या सोसायटीतल्या पाण्याच्या भांडणाबद्दल आल्यावर सविस्तर ऐकेन.

आता काम. त्या फोटोच्या दोन प्रती काढल्या होत्या आणि दुसरी तुझ्याकडे आहे. तू ती चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली होतीस. भिंतीवर उजेडात राहिलेले फोटो ट्रंकेतल्या फोटोंपेक्षा वेगळ्या तऱ्हेने उडतात, म्हणून तुझ्या प्रतीत विजूच्या पापण्या आज कोणत्या रंगाच्या दिसतात ते मला हवे आहे. फोनवरून फोटो काढून पाठवू नकोस, फोन स्वतःचे रंग घालतो. दिवसा खिडकीशी धरून तुझ्या डोळ्यांनी पाहा आणि शब्दांत लिही. तुझी भिंगे अजून तुझीच आहेत, पण तुझ्या शब्दांवर माझा भरवसा आहे. आणि लग्नाच्या दोन दिवस आधी ये. कार्यालयाच्या व्यवस्थापकांशी बोलून अंगणातले दिवे आदल्या संध्याकाळी लावून घेऊ, मुक्ताला अंतरपाटाच्या जागी उभे करू, आणि या खेपेस रंगीत तालीम तुझ्या दिव्यांखाली होईल.

येताना चौकट आणलीस तर कापडात गुंडाळून आण. मागचा पुठ्ठा काढू नकोस, फोटो काचेला चिकटला असेल.

तुझी,
कुमुद

ता. क. अंबर जिलेटीनचा एक तुकडा तुझ्या त्या पेटीत उरला असेल तर तोही आण. मला मुक्ताचे डोळे त्याच्याखाली एकदा पाहायचे आहेत.