आई, तो फोटो उलटा ठेवू नकोस

ती. आई-बाबा,
सा. न.

गेल्या खेपेला निघताना मी टेबलावर एक फोटो ठेवला होता. आईने तो हळूच उलटा करून ठेवला, ते मी दारातून पाहिलं. तेव्हा गाडीची वेळ झाली होती. नंतर फोनवर विषय काढला की बाबा तब्येतीवर येतात आणि आई म्हणते, "मोठ्याने बोल, ऐकू येत नाही." म्हणून पत्र लिहितेय. हे तरी मोठ्याने लिहायला लागणार नाही.

त्या फोटोत आईची सुई पडली आहे. ती वाकून फरशी चाचपतेय, तोंड उघडं, केस सुटलेले. बाबा मोबाइलचा टॉर्च धरून शेजारी उभे आहेत. आई, तू केस पाहिलेस आणि फोटो पालथा घातलास. पण बाबांचा दुसरा हात पाहिलास का? तुझ्या पाठीपासून चार बोटं वर आहे. टेकलेला नाही, नुसता तयार आहे, तुझा तोल गेला तर धरायला. खरं सांगू, फोटो काढताना मलाही तो दिसला नव्हता. दोन दिवसांनी स्क्रीनवर मोठा करून बघत होते, तेव्हा दिसला आणि त्या दिवशी पुढचं काम झालं नाही.

बाबा, मी लग्नांत न सांगता-सवरता, सहज घडतं तसे फोटो काढते, त्यावर तुम्ही मागे विचारलं होतंत, "कुणाला 'इकडे बघा' म्हणायचं नाही, उभं करायचं नाही, आणि लोक त्याचे पैसे देतात?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं, कारण मला नीट सांगता आलं नसतं.

तुमच्या लग्नाचा अल्बम आठवा. सगळे ताठ, हात मांडीवर, नजर समोर. त्यात फोटोग्राफरचा दोष नाही. रोलमध्ये छत्तीस फोटो, वाया घालवून चालायचं नाही. ही सवय त्याहूनही जुनी. १८३९मध्ये डागेरोटाइप, म्हणजे फोटो काढायची अगदी सुरुवातीची पद्धत, आला, तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची आणि पुढे बराच काळ, मान हलू नये म्हणून, मागे लोखंडी आधार लावायचे. १९२५मध्ये लायका नावाचा कॅमेरा बाजारात आला, हातात मावणारा. तो घेऊन चालत्याबोलत्या माणसांत शिरता आलं. यंत्राने आपल्याला केव्हाच मोकळं केलं होतं, पण कॅमेरा दिसला की आपण अजूनही श्वास रोखतो.

तो श्वास सुटेपर्यंत थांबणं, एवढंच माझं काम. लग्नघरी मी बरीच आधी पोचते. दोन कॅमेरे, एकाला ३५ मिमीची लेन्स, आजूबाजूचं सगळं मावणारी, दुसऱ्याला ८५ची, चेहरा जवळ आणणारी. झूम नाही, म्हणजे जवळचं हवं असेल तर पायांनीच जवळ जायचं. फ्लॅश नाही. उजेड कमी असला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ३२००, कधी ६४००वर नेते. फोटोत दाणे येतात, येऊ देत. शटरचा आवाज बंद. पहिला तास माझ्या हाती फारसं काही लागत नाही. लोकांना माझा कंटाळा यावा लागतो. युजीन स्मिथ नावाचा फोटोग्राफर १९४८मध्ये 'लाइफ' मासिकासाठी एका खेड्यातल्या डॉक्टरसोबत तेवीस दिवस राहिला. डॉक्टरला सवय व्हावी म्हणून सुरुवातीला तो फिल्म न घालताच कॅमेरा चालवत होता, असं सांगतात. माझी एवढी हिंमत नाही. रिकाम्या कॅमेऱ्यासमोर नेमकं काही घडलं तर मी वेडी होईन.

पहिल्या वर्षी मी एक खोटेपणा केला, तो तुम्हाला सांगितलेला नाही. नवरीचा भाऊ परदेशातून ऐनवेळी पोचला. तिने धावत जाऊन त्याला मिठी मारली, चष्मा वाकडा, त्याची बॅग अजून खांद्यावर. मी लेन्स बदलत होते. हुकलं. मी म्हटलं, "प्लीज, परत एकदा?" दोघं बिचारे परत भेटले. चष्मा सरळ, बॅग खाली, चेहरा माझ्याकडे वळलेला. त्या घरात तो फोटो भिंतीवर लावलाय आणि सगळ्यांना आवडतो. मला तो बघवत नाही. त्यानंतर हुकलं की हुकलं.

पण खरं दाखवायचं म्हणजे सगळंच दाखवायचं असं नाही हं, बाबा. एकदा पडद्यामागे नवरीचे वडील आणि काका हातघाईवर आले होते. मी कॅमेरा खाली केला आणि तिथून निघून गेले. तुम्ही म्हणाल, मग खरं कुठे राहिलं? मी जे देते ते रचलेलं नसतं, एवढंच छातीठोक सांगू शकते. काय वगळायचं ते मी ठरवते, आणि ते दर वेळी बरोबर ठरतंच असं नाही. तीन हजार फोटोंतून सहाशे निवडायला मला आठवडा लागतो, तो त्याचपायी. रांगेत उभं करून काढायचे फोटोही काढते मी, अर्धा तास, नाक न मुरडता. दहा वर्षांनी कोण कोण आलं होतं, याची तेवढीच यादी उरते.

आता मागणं. पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा एक पूर्ण दिवस मला घरात कॅमेरा घेऊन फिरू द्याल? आवराआवर नको. बाबा, दाढी रोजच्या वेळीच करा, मला आरशासकट हवी आहे. आई, मागचा फोटो तुला न विचारता काढला, ती चूक माझी. या वेळी नको वाटलं की नुसता हात वर कर, मी कॅमेरा खाली ठेवीन. फोटो कागदावर छापून आणीन, मोबाइलवर बोटाने सरकवायचे नाहीत. आधी तुम्ही दोघं बघा. नको म्हणाल तो मी ठेवणार नाही.

तो सुईवालासुद्धा. फक्त एकदा सुलटा कर, तो हात बघ आणि मग सांग.

तुमची
छोटी

ता. क. सुई सापडली होती का? काल तो फोटो परत मोठा करून पाहिला. बाबांच्या उजव्या चपलेपासून वीतभर लांब, कपाटाच्या पायाशी काहीतरी चमकतंय. तिथे अनवाणी जाऊ नका.