ग्रंथालयातल्या संगणकाचे नियम : खुर्चीवरून उठताना काय करावे तेही लिहा

महोदय,

सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकाशेजारी बहुधा एक लॅमिनेट केलेला कागद असतो : पेन ड्राइव्ह लावू नये, मोबाइल बंद ठेवावा, गेम खेळू नये, नको ती संकेतस्थळे उघडू नयेत. पण एक वाचक उठतो आणि दुसरा त्याच खुर्चीवर बसतो, तेव्हा पहिल्याचे काय काय मशीनवर राहून जाते, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नसते.

घरोघरी मोबाइल असताना ग्रंथालयातल्या संगणकावर येणारा वाचक मुख्यतः फॉर्म भरायला येतो. शिष्यवृत्ती, सीईटी, स्पर्धा परीक्षा. फोटो आणि सही ठरावीक केबीत (फाइलच्या आकारमर्यादेत) बसवणे मोबाइलवर जिकिरीचे असते. मग आधार, दहावीचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला हे सगळे ‘डाउनलोड्स’मध्ये उतरते आणि तिथेच राहते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचे वर्ष. नाव आणि जन्मतारीख सांगणारे कागद त्याच फोल्डरमध्ये शेजारी पडलेले. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला.

‘इन्कॉग्निटो’ म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने ब्राउझरमधला इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात, उतरवलेल्या फाइल मात्र जागच्या जागी राहतात. शिवाय इन्कॉग्निटोची एक जरी खिडकी मागे उघडी राहिली, तरी लॉगिन चालूच राहते. व्हॉट्सॲप वेबचे तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. साध्या खिडकीत क्यूआर स्कॅन करून नुसती खिडकी बंद केली, तर पुढच्याला सगळ्या गप्पा वाचता येतात. घरी गेल्यावर आठवले, तरी फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो संगणक लॉग आउट करता येतो. एवढी एक ओळ मराठीत मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवली पाहिजे, कारण भिंतीवरचे कोणी वाचत नाही.

आता त्या कागदावरच्या पहिल्या दोन नियमांकडे पाहा. मोबाइल बंद ठेवला, तर ओटीपी कुठे येणार? ‘आवाज बंद ठेवावा’ एवढे पुरे. पेन ड्राइव्हला मनाई केली, की दाखले आणायला आणि पावती न्यायला व्हॉट्सॲप वेबच उरते. म्हणजे विषाणूच्या भीतीपोटी आपणच वाचकाला जास्त धोक्याच्या वाटेला लावतो. पेन ड्राइव्हवरच्या फाइल लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा विषाणू जुना आणि त्रासदायक आहे खरा, पण तो विंडोजवर चालतो.

याचा उपाय माणसाच्या आठवणीवर न सोडता मशीनवर सोपवावा. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी प्रणाली आहे. तिच्या ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमध्ये ‘गेस्ट सेशन’ची, म्हणजे पाहुणा म्हणून तात्पुरते लॉगिन करण्याची परवानगी असते. ती मुळात बंद असते, चालू करावी लागते. वाचक त्यातून लॉग आउट झाला, की त्याच्या फाइल, लॉगिन, इतिहास सगळे आपोआप पुसले जाते. विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आणि ग्रंथालयांतली बरीचशी जुनी मशीन विंडोज 11 घेत नाहीत. त्यांच्यासाठी तर हा मार्ग सरळ आहे. विंडोजच ठेवायची असेल, तर मशीन पुन्हा सुरू करताच वाचकाने केलेले बदल पुसणारा ‘राइट फिल्टर’ होम किंवा प्रो आवृत्तीत मिळत नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे. नाहीतर तेच काम करणारी डीप फ्रीझसारखी वेगळी प्रणाली विकत घ्यावी लागते.

या सोयीची दुसरी बाजू म्हणजे वीज गेली, की अर्धा फॉर्म आणि उतरवलेली पावतीही जाते. म्हणून प्रत्येक मशीनला यूपीएस हवा, आणि पावती आधी पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलवर घेऊन मगच लॉग आउट करायचे. वेळही कामाप्रमाणे द्यावी. वाचायला किंवा शोधायला अर्धा तास ठीक, पण फॉर्मला तास लागतो. शेवटच्या तारखेला संकेतस्थळच रखडते, तेव्हा घड्याळ दाखवून अर्ध्यातून उठवण्यात शहाणपण नाही.

प्रिंटरजवळच्या टोपलीकडेही लक्ष हवे. बिघडलेले प्रिंट ‘पाठकोरे’ म्हणून कच्च्या कामाला ठेवायची आपल्याकडे चांगली सवय आहे, पण त्यात आधार आणि गुणपत्रिका असतात. ते तिथल्या तिथे फाडावेत. वाय-फायचे वाचकांसाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे करावे. पुस्तकांच्या देवघेवीचा संगणक, मग त्यावर ई-ग्रंथालय असो वा कोहा (ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअर), त्या जाळ्यात नको. राउटरमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून 1.1.1.3 टाकले, तर बरीचशी अश्लील आणि घातक संकेतस्थळे पैसे न मोजता अडतात. सगळी नाही.

राहिले रजिस्टर. सायबर कॅफेसाठीचे 2011 चे केंद्रीय नियम ओळखपत्राची प्रत आणि वापराची नोंद किमान वर्षभर ठेवायला सांगतात. ते व्यवसाय म्हणून इंटरनेट देणाऱ्यांसाठी आहेत. विनामूल्य सोय देणारे ग्रंथालय त्यात बसते का, यावर वाद होऊ शकतो, पण नोंद ठेवणे हिताचेच. मात्र त्या नियमांतही आधारची सक्ती नाही. शाळा-कॉलेजचे ओळखपत्र, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना हेही चालते. ज्या सभासदाची कागदपत्रे दप्तरी आहेतच, त्याच्याकडे दर वेळी आधारची झेरॉक्स कशाला मागायची? सभासद क्रमांक, मशीन क्रमांक, आल्या-गेल्याची वेळ आणि सही एवढे रकाने पुरतात. मोबाइल क्रमांकाचा रकाना असलेले रजिस्टर टेबलावर उघडे पडलेले असते आणि मुलींचे क्रमांक कोणीही टिपून घेऊ शकतो. ते खणात ठेवावे आणि मुदत संपल्यावर रद्दीवाल्याला न देता फाडून टाकावे.

– एक ग्रंथालय कर्मचारी, सातारा