त्या दहाही जणी झोपल्या होत्या

पुणे,
24 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात दोघांनाही सलाम.

फोनवर आपलं बोलणं रोज होतं, पण गेल्या बुधवारी आईनं जे विचारलं त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. मी ड्युटीवर होते, शेजारच्या बेडचा मॉनिटर वाजायला लागला, "आई, उद्या बोलू" म्हणून मी फोन ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी आपण मेथीच्या भावावर बोललो. आज सुट्टी आहे, म्हणून कागद घेऊन बसलेय. बाबा, अक्षर मोठं काढतेय, तरी तुम्ही डोळे ताणू नका, आईकडून वाचून घ्या.

आई, तू म्हणालीस, "प्रार्थनेला बसले की माझा डोळाच लागतो गं. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुद्धा मधेच तुटतं. अशा वेळी प्रभू आला, तर मी त्या पाच मूर्ख कुमारींतलीच ठरायची ना?"

त्या रात्री तीन वाजता जरा शांत झाल्यावर मी मोबाइलवर मत्तयाचा 25 वा अध्याय उघडला. संडे स्कूलपासून किती वेळा ऐकलाय हा वराची वाट बघणाऱ्या दहा कुमारींचा दाखला! नाताळच्या कार्यक्रमात एकदा मी पुठ्ठ्याची दिवटी घेऊन त्यातली कुमारी पण झाले होते. पण पाचवं वचन नीट वाचलंच नव्हतं. वराला यायला उशीर झाला तेव्हा सगळ्यांनाच पेंग आली आणि त्या झोपल्या, असं तिथं आहे. सगळ्यांना, आई. शहाण्या पाचजणींनाही. मध्यरात्री हाक आली तेव्हा दहाही जणी झोपेतून उठल्या, आणि झोपलात कशाला म्हणून त्यांना कुणी रागावलं नाही. ज्यांच्याकडे भांड्यात तेल होतं त्यांनी दिवट्या पेटवल्या आणि त्या वराबरोबर आत गेल्या. मूर्ख पाचजणींनी जादा तेल आणलंच नव्हतं, त्या बाहेर राहिल्या.

तुझं वय 74. पहाटे चारला उठतेस, बीपीची गोळी घेतेस, दिवसभर कंबर टेकत नाहीस. रात्री गुडघे टेकल्यावर डोळा लागणारच. तू ज्याच्यापुढे बसलेली असतेस त्याच्यापुढेच झोपतेस, लहान मूल जसं आईशी बोलता बोलता झोपतं तसं. त्याचं भय मनातून काढून टाक.

मग तेल म्हणजे काय? कुणी म्हणतं पवित्र आत्मा, कुणी विश्वास, कुणी चांगली कामं. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही. मला त्याचा अर्थ एका फजितीतून कळला, आणि ती गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितलेली नाही.

नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. वॉर्डात इमर्जन्सी ट्रॉली असते, पेशंटचं हृदय बंद पडलं की धावत आणायची. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ती उघडून तपासायची, औषधं मोजायची, मग रजिस्टरात सही करायची. त्यात लॅरिंगोस्कोप म्हणून एक उपकरण असतं. श्वासनलिकेत नळी घालताना घशात उजेड पडावा म्हणून त्याला छोटा दिवा असतो आणि दांड्यात बॅटरी. त्या दिवशी मला उशीर झाला होता. ट्रॉली दिसायला जागच्या जागी, ड्रॉवर नीट बंद. मी न उघडता सही केली. रात्री दोनला एका आजोबांचा श्वास थांबला. डॉक्टरांनी हात पुढे केला, मी लॅरिंगोस्कोप दिला, त्यांनी तो उघडला, आणि दिवा लागला नाही. बॅटरी संपलेली. शेजारच्या वॉर्डातून दुसरा आणेपर्यंत दोनएक मिनिटं गेली असतील. आजोबा वाचले. पण तो न लागलेला दिवा आणि डॉक्टरांचा पुढे आलेला हात मला आजही दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला कळलं नसतं. त्या दहाजणींच्या दिवट्याही बाहेरून सारख्याच दिसत असणार.

तेव्हा मला बाबा आठवले. संध्याकाळी पाचला, अजून चांगलं ऊन असताना, बाबा ओट्यावर कंदील घेऊन बसायचे. काच काढायची, चुलीतली राख चिंधीवर घेऊन आतून फिरवायची, तोंडानं 'हा' करून पुन्हा पुसायची. वात कात्रीनं सरळ कापायची, कारण वाकडी राहिली तर ज्योतीला शिंग फुटतं आणि काच काळी होते. मग टाकी कानाशी धरून हलवायची, किती रॉकेल उरलंय ते आवाजावरून कळायचं. वीज जायची आठला. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, आज गेलीच नाही तर?" तुम्ही म्हणालात, "नाही गेली तर उद्याला उपयोगी पडेल." बाबा, प्रभूच्या येण्याची तयारी मी आधी तिथं पाहिली, वचनात नंतर वाचली.

म्हणून सप्टेंबरातलं माझ्या फार मनाला लागलं. दक्षिण आफ्रिकेतल्या कुणा माणसानं सांगितलं की 23-24 सप्टेंबरला, यहुद्यांच्या कर्ण्यांच्या सणाच्या दिवसांत, प्रभू आपल्या लोकांना न्यायला येणार. जगभर ते व्हिडिओ फिरले, तुमच्या फोनवरही आले. आईनं मला नंतर सांगितलं, की तुम्ही पांढरा सदरा इस्त्री करून घातलात आणि रात्रभर खुर्चीत बसून होतात. मी हे वाईट वाटून लिहीत नाहीये. प्रभूची एवढी ओढ असलेला बाप मला मिळाला याचा मला आनंद आहे. पण 25 तारखेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही रद्द केलंत, "आता डोळे कशाला" म्हणून. आणि 24 ची रात्र सरल्यावर दोन दिवस जेवला नाहीत. याच्याबद्दल मला बोलायचं आहे.

तुम्ही इतिहास शिकवलात, तुम्हाला मी काय सांगावं? अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या मागे गेलेल्या लोकांनी प्रभूच्या येण्याची 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती. बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांवरून तो हिशेब काढलेला. काहींनी त्या वर्षी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. तो दिवस गेला, आणि पहाट होईपर्यंत आम्ही रडलो, असं त्यांच्यातल्याच एकानं लिहून ठेवलंय. आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशन येऊन तेव्हा 13 वर्षं झाली होती. म्हणजे एकाच देशातले भाविक लोक. काही डोंगरमाथ्यांकडे आणि घड्याळाकडे बघत बसलेले, आणि काही इथं धुळीत शाळा काढून पोरांना बाराखडी शिकवत होते. दोघंही त्याच प्रभूची वाट बघत होते. 2011 साली पुन्हा तसंच झालं. हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकेतल्या रेडिओवरच्या उपदेशकानं 21 मे सांगितली, मग 21 ऑक्टोबर सांगितली, आणि पुढच्या वर्षी आपण तारीख काढली हे पाप होतं असं त्यानं स्वतःच कबूल केलं.

"त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही," हे तुम्हीच मला पाठ करून घेतलंत. पुत्रालाही नाही, असं पुढं आहे. जे माहीत नसणं येशूनं पत्करलं, ते आपण का काढायला बसावं?

मला कधीकधी वाटतं, तारीख न सांगण्यात त्याची आपल्यावर दयाच आहे. आमच्याकडे तपासणीची तारीख आधी कळते. मग आठवडाभर काय धावपळ! पडदे धुतात, रजिस्टरं पुरी करतात, पेशंटशी गोड बोलतात. तपासणी झाली की सोमवारी सगळं पहिल्यासारखं. तारीख कळली असती तर आपणही प्रभूसाठी तेवढंच केलं असतं.

थेस्सलनीकाच्या मंडळीतही हेच होतं, इ.स. 50 च्या सुमारास. प्रभूचा दिवस आलाच आहे असं कुणी त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि काहीजण कामधंदा सोडून बसले होते. पौलानं त्यांना काय लिहिलं? शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा. त्याच मंडळीला त्यानं आधी कर्ण्याचं, मेघांचं, मेलेले आधी उठतील हेही लिहिलं होतं. आणि ते लिहून झाल्यावर, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा, असं म्हटलं. भिववा म्हटलं नाही. आजी गेली तेव्हा कबरस्तानात पाळकसाहेबांनी हेच वाचलं होतं, आई, आणि तुझं रडणं थांबलं होतं. प्रभूच्या येण्याचं जे बोलणं ऐकून माणूस जेवायचं सोडतो, ते बोलणं पौलाच्या पत्रातलं नाही.

शनिवारी मी गाडीनं येईन तेव्हा दौंडच्या अलीकडे केडगाव लागेल. दर वेळी तिथं मला पंडिता रमाबाई आठवतात. मूळ इब्री आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणायचं काम त्यांनी कितीतरी वर्षं केलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. ज्या मुलीवर पुढचं सगळं सोपवायचं तीच गेली. तरी त्या मुद्रितं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. त्यांच्या मुक्ती मिशनातल्या बाया-मुलींनीच खिळे जुळवून ते छापलं आणि 1924 साली पुस्तक बाहेर आलं. प्रभू त्यांना भेटला तो हातात कागद असताना. मला असंच सापडायचं आहे, बाबा, आणि तुम्हीही हातातलं काम सोडू नका. तुमच्याकडे शनिवारी ती चार पोरं गणिताला येतात ना? तुम्हाला फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ती येईनाशी झाली, असं आई म्हणाली. ती पोरं तुमच्या हवाली केलेली आहेत. ऑपरेशन वीस मिनिटांचं असतं. त्याच दिवशी घरी येता. थेंब वेळेवर घालायचे आणि काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, बस. मी आठ दिवस रजा टाकलीय, थेंब मी घालीन. प्रभू त्याच्या आधी आला तर डॉक्टरांची गरजच नाही. नाही आला तर सोमवारी आठला आपण दवाखान्यात असू.

हे सगळं तुम्हाला लिहितेय, पण माझी ट्रॉली मी तपासली का? नव्हती तपासली. घराच्या कागदांवरून दादाशी माझं बिनसलं त्याला दोन वर्षं होतील. ईस्टरला, नाताळला मेसेज पाठवायचा, त्यानं अंगठा पाठवायचा, एवढंच. दोघंही दर महिन्याला प्रभूभोजन घेतो, तो त्याच्या चर्चमध्ये, मी माझ्या. प्रभू येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करता, असं पाळक म्हणतात आणि मी भाकर उचलते. त्या बुधवारच्या रात्री वचन वाचताना मला पहिल्यांदा आईची नाही, माझी भीती वाटली. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारातूनच त्याला फोन लावला. चुकलं म्हणाले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जेवलीस का?" तुम्हाला माहीत आहे ना तो, यापेक्षा जास्त त्याला बोलता येत नाही. नाताळाआधीच्या पहिल्या आगमन रविवारी, म्हणजे या रविवारी, तोही गावी येतोय. तुम्ही कागदांचा विषय काढू नका, आम्ही बघतो.

आई, एक राहिलंच. लूकाच्या 12 व्या अध्यायात प्रभू सांगतो, धनी लग्नाहून परत येतो आणि ज्या दासांना तो जागे बघतो, त्यांच्यासाठी तो स्वतः कंबर बांधतो, त्यांना जेवायला बसवतो आणि येऊन वाढतो. धनी वाढतो! मी हे वाचलं आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आमची सगळ्यांची ताटं झाल्यावर, पाहुणे उठल्यावर, तव्यावरची शेवटची कोर मोडलेली भाकरी घेऊन तू चुलीपाशीच बसायचीस, भांड्याला लागलेलं कालवण पुसून. कितीदा म्हटलं आमच्याबरोबर बस, कधी बसली नाहीस. तो येईल ना, तेव्हा तुला आधी बसवील. तू पदर सावरत उठायला लागशील, "राहू द्या, मी वाढते" म्हणशील, आणि तो ऐकायचा नाही. तू ज्याला घाबरतेस तो असा आहे.

रात्री झोप आली की झोप. 'पित्या' एवढं म्हणून झालं तरी पुरे.

शनिवारी दुपारपर्यंत पोचते. बाबांचा शुगरचा रिपोर्ट आणि जुनी फाईल काढून ठेव. माळ्यावरचा कंदील दादा आला की त्याला उतरवायला सांग, काच मी पुसते. नवी वात इथून आणतेय, पण ती डोळा झाल्यावर बाबांनीच कापायची.

तुमची लेक