फेटा चीजच्या नावाखाली मला परत बोलावू नका

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

आत्याने तुम्हाला काय सांगितलं, ते मला तिच्याच तोंडून कळलं. म्हणे पोरगी तिकडे खंगली, काही पचत नाही तिला. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी तिने चिपळूणपर्यंत काय पसरवलं होतं ते आठवा, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. आणखी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकते. इथल्या, ग्रीसमधल्या पिरेयस बंदराच्या ऑफिसचा पुढचा करार मी सही करून दिला. आई, पत्र बाजूला ठेवू नकोस.

मला सोसत नाही ते फक्त फेटा चीज. दूध नव्हे. सकाळचा चहा भरपूर दुधाचाच असतो, त्याने काही होत नाही. म्हणून तर दुधातली साखर पचवायच्या गोळ्या, ज्या आत्याने सुचवल्या, त्या माझ्या कामाच्या नाहीत. फेटा खाल्ला की कान-गाल तापतात, डोकं ठणकतं, पोट फुगतं. कधीकधी काहीच होत नाही, आणि कधी संध्याकाळपर्यंत आडवी.

बाबा, तुम्हाला कायद्यातलं आवडतं म्हणून लिहिते. फेटा हे नाव युरोपीय संघाने २००२ पासून ग्रीसपुरतं राखून ठेवलंय. दूध मेंढीचंच, शेळीचं मिसळलं तर ३० टक्क्यांच्या वर नाही, आणि किमान दोन महिने मिठाच्या पाण्यात मुरवायचं. माझी अडचण या मुरण्यातच आहे. चीज मुरताना त्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो मोडणारं एन्झाइम माझ्या आतड्यात बहुधा कमी पडतं. प्रत्येक फेट्यात त्याचं प्रमाण वेगळं, म्हणून त्रासही कधी होतो, कधी नाही. त्यात इथल्या सॅलडमध्ये टोमॅटो असतो, सोबत लोक वाइन घेतात, सगळं एकावर एक चढतं. (वाइन मी घेत नाही. बरं, क्वचित. आता तीही बंद.)

घसा सुजणं, श्वास अडकणं यातलं काही नाही. कोळंबीने आपल्या शेजारच्यांचं झालं होतं ती ॲलर्जी. तिची तपासणी डॉक्टरांनी आधीच करून घेतली, काही निघालं नाही. हिस्टामिनची खात्रीची अशी एक तपासणी नसते, म्हणून त्यांनी काही आठवडे संशयाचे पदार्थ बंद करून एकेक परत सुरू करायला लावलं. वही ठेवली होती. टोमॅटो परत आला, पालक आला, फेटा आला नाही. तुझं लोणचंही चाखून पाहिलं आई, काही झालं नाही, फक्त बरणी मोठी पाठवू नकोस.

जेवणाचं म्हणशील तर तुला इथे करमेल. ईस्टरच्या आधी जवळजवळ सात आठवडे यांचा उपवास असतो, दूध-चीज-अंडी-मांस सगळं वर्ज्य. एरवीही बुधवार-शुक्रवार पाळणारे आहेत. त्यामुळे दुकानात, खानावळीत ‘निस्तीसिमो’ विचारलं की दुधाविना काय आहे ते लगेच दाखवतात. पालकाचा ‘पाय’ (पालक भरून भाजलेली पेस्ट्री) फेट्याशिवाय मिळतो, मसुराचं सूप असतं, आणि फावा म्हणजे तर तुझं घोटलेलं वरणच, वर कच्चा कांदा नि लिंबू. घरी कुळथाची पिठी आहे, आमसुलं आहेत. ताजं पनीर मी स्वतः फाडते, ते छान सोसतं. उपाशी कोणी नाही गं.

मुंबईत राहिले असते तर काय रोज तुमच्याजवळ असते? महिन्यातून एकदा आले असते, तेही कपडे धुवायला घेऊन. इथे आपल्याकडच्या पोरांना जहाजावर पाठवायची कागदपत्रं माझ्या हातून जातात, त्यांच्या आया माझ्याशी मराठीत बोलून निर्धास्त होतात. तुम्ही त्यांच्यासारखंच समजा. गणपतीला मी येतेच आहे, तिकीट काढलंय.

पोट बिघडलं की अजून मेतकूट-मऊभातच आठवतो, खोटं कशाला बोलू. आणि बाबा, आंबा घाटात एसटी वळायला लागली की मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवायचे, तुम्ही कपाळावर हात धरून बसायचात. गाल तापले की तो हात हवासा वाटतो. बस, एवढंच. परत येण्याएवढं नाही.

आता तुमचं. बाबा, मी आणलेल्या फेट्याचं पाकीट तुम्ही भाकरीशी संपवताय हे आईने सांगितलंय. तुम्हाला तो सोसतो, मजेत खा, माझ्या वाटणीचाही. पण त्यात मीठ किती असतं आणि तुमचं ब्लडप्रेशर किती, याचा विचार करा. तुकडा तासभर साध्या पाण्यात भिजवून घ्या, पाणी ओतून द्या, आणि त्या दिवशी पापड नाही. प्रेशरची गोळी जेवण झाल्यावर आठवली तर चालेल असं समजू नका, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच घ्या. आई, गुडघ्याचा एक्स-रे अजून त्या पिशवीतच असेल तर याच आठवड्यात दाखवून ये. रिक्षाने जा, चालत नाही. आणि आत्याला बरोबर नेऊ नका.

तुमची,
चिमी