पाडलेल्या काँक्रीटची खडी दरसूचीत आणा

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: राडारोड्यापासून बनलेल्या खडीचा शासकीय कामांत वापर

महोदय,

वाघोली, मोशी, दहिसर, शिळफाटा. राडारोडा, म्हणजे पाडलेल्या बांधकामाचा मलबा, यंत्रात फोडून खडी करण्याची सोय राज्यात आता नवी राहिलेली नाही. अडतं ते यंत्राच्या दोन्ही बाजूंना. आत येणारा माल खिचडी असतो, आणि बाहेर पडणाऱ्या खडीला हक्काचं गिऱ्हाईक नसतं. राज्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपलं खातं आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

राडारोड्याबाबतच्या केंद्राच्या 2025 च्या नव्या नियमांचा अंमल 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे. त्यांतली विस्तारित उत्पादक जबाबदारी (आपल्या राडारोड्याच्या प्रक्रियेची जबाबदारी बांधणाऱ्यानेच घेणं) 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर येते. पुण्या-मुंबईतला पुनर्विकास बहुतांश याच्या खाली राहतो. 24 सदनिकांची, प्रत्येकी 60 चौरस मीटरची जुनी सोसायटी धरा: एकूण 1,440 चौरस मीटर. पक्की इमारत पाडली की चौरस मीटरला 500 किलो, हा जुना ठोकताळा लावला तरी 720 टन, म्हणजे सुमारे 200 ब्रास. आणि तो ठोकताळाही कमीच आहे. नुसत्या पाच इंची स्लॅबचे चौरस मीटरला 300 किलो होतात. तुळया, खांब, विटा, प्लास्टर, फरशी पुढे मोजायचंच आहे. हा माल कुठे जातो ते मुळा-मुठेच्या काठाने चालत गेलं की कळतं.

आता यंत्राच्या आधीचं. पाडकामाचा ठेकेदार सळया, दारं, खिडक्या, वायर काढून घेतो, कारण त्याचे पैसे येतात. उरलेलं सगळं पोकलेन एकाच ढिगात ओढतं. खडी-वाळूसाठीचं भारतीय मानक 383 (2016) मात्र दोन मालांत काटेकोर फरक करतं. निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत (तेही एम-25 पर्यंतच; एम पुढचा आकडा काँक्रीटच्या ताकदीची प्रत सांगतो) आणि एम-15 पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये 100 टक्के चालते. वीट-चुना-फरशी मिसळलेल्या मालाची खडी फक्त या शेवटच्या कामाला. म्हणजे लोडरने दोन ढीग एक केले, की त्या क्षणी मालाची किंमत उतरली. नंतर कितीही भारी क्रशर लावा, ती परत येत नाही.

त्याहून वाईट पीओपी. छताचं पीओपी आणि भिंतींचं जिप्सम प्लास्टर ढिगात गेलं की खडीत सल्फेट येतं. ते सिमेंटशी संयोग पावून फुगतं आणि काँक्रीट आतून तडकतं. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक 456 प्रमाणे मिश्रणातलं एकूण विद्राव्य सल्फेट सिमेंटच्या वजनाच्या 4 टक्क्यांच्या आत हवं. म्हणून पाडकामाचा क्रम ठरवून द्यावा लागेल: ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर सगळ्यात आधी, ओले करून, न फोडता, वेगळे; मग पीओपी, लाकूड, वायर, पीव्हीसी पाइप; मग विटांच्या भिंती; सांगाडा शेवटी. यात काही दिवस जास्त जातात आणि नेमके तेच दिवस कुणाला द्यायचे नसतात. पाडकामाची अनामत महापालिकेने यंत्रावरच्या वजनकाट्याच्या पावत्या पाहूनच परत करावी आणि जोते तपासणी दाखलाही (नव्या इमारतीचं जोतं झाल्यावर मिळणारा) त्याच पावत्यांना जोडावा. पावती एकटी पुरणार नाही, कारण पायाची माती भरूनही वजन भरतं. म्हणून मूळ नकाशावरून काँक्रीटचा अंदाज काढून तो पावत्यांशी ताडायचा. स्वच्छ काँक्रीटला प्रक्रिया शुल्क शून्य आणि खिचडीला चढं ठेवलं, तर ठेकेदार ढीग स्वतःहून वेगळे ठेवील. (हे काम नगरविकासचं आहे, याची कल्पना आहे. पण खडी दोन्ही खात्यांची एकच.)

यंत्राच्या पुढची बाजू आपली. या खडीवर जुना सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला राहतो, त्यामुळे ती पाणी पिते. मानक 10 टक्क्यांपर्यंत शोषण चालवून घेतं, पण खडी आधी भिजवण्याच्या अटीवर. साइटवर तीच अट मोडते. कोरडी खडी मिक्सरमध्ये गेली की ती मिश्रणातलं पाणी ओढते, स्लम्प (मिश्रणाचा सैलपणा) पडतो, मग मुकादम वरून पाणी ओततो आणि ताकद जाते. नाव मात्र खडीचं खराब होतं. उपाय साधा आहे: ढिगावर आदल्या दिवशी फवारे, रात्रभर निथळू देणं, आणि मिश्रण करताना खडीवरच्या ओलाव्याइतकी पाण्यात वजावट.

आमची मागणी मोजकी आहे. राज्य दरसूचीत (शासकीय कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) या खडीच्या स्वतंत्र बाबी सर्व विभागांसाठी द्याव्यात: पायाखालचं एम-10 पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), रस्त्याच्या तळाचा खडीचा जीएसबी थर आणि केबल-पाइपच्या चरांची भराई. जी बाब दरसूचीत नाही, ती शाखा अभियंता अंदाजपत्रकात धरत नाही; उद्या लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यायचं असतं. यंत्रापासून ठराविक अंतरातल्या कामांना हीच बाब आधी धरावी आणि न धरल्यास कारण लेखी घ्यावं. अंतराची मर्यादा वाहतुकीच्या दरावरून काढावी, नाहीतर लांबच्या तालुक्यात डिझेलच खडीहून महाग पडेल. प्रत्येक लॉटची शोषण, सल्फेट आणि क्लोराइडची चाचणी यंत्रमालकाच्या खर्चाने व्हावी. ‘100 टक्के पुनर्वापराचे पेव्हर ब्लॉक’ अशा निविदा मात्र काढू नयेत. पेव्हर हे वरच्या प्रतीचं साधं काँक्रीट आहे, तिथे मर्यादा 25 टक्क्यांचीच.

2025 च्या कृत्रिम वाळू धोरणात खाणीतल्या दगडाची वाळू करणाऱ्यांना सवलती मिळाल्या. निव्वळ काँक्रीटपासून केलेली धुतलेली वाळूही त्यात बसवता येईल.

पुढची दरसूची निघण्याआधी या तीन बाबींचे तपशील आणि दर-विश्लेषण आपल्या अभियंत्यांसमोर ठेवायला आम्ही तयार आहोत.

आपले,
बांधकाम साहित्य चाचणी आणि राडारोडा प्रक्रियेच्या क्षेत्रातले काही अभियंते